मिऱ्यांची वाट
(हुबळी येथे महाजनांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली दैवते मूळ स्थान सोडून का निघाली, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. श्रीमंगेश 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा 1566 मध्ये केळशीहून कवळ्यास. परंतु दक्षिणेची वाट धरलेली अनेक घराणी होन्नावर, भटकळ, बसरूर अशा बंदरांतच का स्थिरावली, हे क्वचितच विचारले जाते. त्याचे बरेचसे उत्तर मिऱ्यांत आहे.

शिरसी-सिद्दापूरच्या बागांत पोफळीवर मिऱ्यांचा वेल चढतो. हिरवे घोस उन्हात वाळले की काळे होतात. हा माल शरावतीतून होन्नावरास उतरे. या मुलखाची स्वामिनी गेरसोप्प्याची जैन राणी चेन्नभैरादेवी. पोर्तुगीज तिला 'मिऱ्यांची राणी' म्हणत आणि तिच्याशी लढतही. पुढे केळदीच्या वेंकटप्पा नायकाने तिचे राज्य घेतले. 1623 मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीस निघाला, तेव्हा गेरसोप्प्याच्या राजवाड्यावर रान माजलेले होते. राणीच्या बदनामीची एक कथाही त्याने टिपली आहे. जेत्यांच्या मुलखात ऐकलेल्या अशा कथेवर मी तरी विश्वास ठेवीत नाही.

आता आपल्या हुबळीकडे वळू. कारवारची इंग्रजी वखार 1638 ची. तिच्या जहाजांत मिरी, वेलदोडे जात, तसेच घाटमाथ्यावर हुबळीच्या बाजूस विणलेले तलम कापडही जाई. 1673 मध्ये मराठी फौजेने हुबळी लुटली, त्याची झळ इंग्रजांच्या मालालाही लागली. एकोणिसाव्या शतकात धारवाडचा कापूस बैलगाड्यांनी कुमठ्यास उतरू लागला; पिकला इकडे, नाव मात्र 'कुमठा' पडले! मुरगावची रेल्वे झाली आणि ती बंदरे ओस पडत गेली. व्यापारी घाट चढून इकडे आले, त्यांत आपल्यापैकीही काही होते.

याचा पुरावा आपल्याच माळ्यांवर आहे. आमच्या घरी वाडा उतरविताना मोडी जमाखर्चाची दोन गाठोडी रद्दीत वजनावर गेली. मी तेव्हा समोरच उभा होतो. ज्यांच्या घरी अशा वह्या शिल्लक असतील, त्यांनी त्या वाचता येवोत वा न येवोत, पुढच्या सभेस घेऊन याव्यात. मोडी वाचणारे दोन वृद्ध गृहस्थ अद्याप आपल्यात आहेत.