खरेदीखतातली बाई



आजचा विषय जरा लांबचा वाटेल. अठराव्या शतकात ॲपलाचियन डोंगर ओलांडून केंटकीकडे गेलेल्या गोऱ्या घराण्यांची वंशावळ कशी शोधतात, हा. अमेरिकेत आपला मूळपुरुष शोधण्याची अनेकांना हौस आहे. मूळपुरुष सापडतो, शोध अडतो तो त्याच्या बायकोपाशी.

१७९०च्या पहिल्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे लिहिले गेले. गोऱ्या पुरुषांची सोळा वर्षांखालचे आणि वरचे अशी विभागणी तरी केली. गोऱ्या स्त्रियांचा मात्र तान्ह्या पोरीपासून म्हातारीपर्यंत एकच आकडा. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहायला १८५० साल उजाडले. मृत्युपत्रांतही पुष्कळदा नुसते 'माझी प्रिय पत्नी'.

मग बाई सापडते कुठे? जमीन विकताना! इंग्लिश कायद्याप्रमाणे विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश हिश्शावर हयातभर हक्क असे. उद्या तिने दावा सांगू नये म्हणून खरेदी घेणाऱ्याला तिचे हक्कसोडपत्र हवे असायचे. न्यायाधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारी, 'राजीखुशीने सोडतेस ना?' आणि मग तिचे नाव दप्तरात चढे. म्हणजे हक्क सोडला तेव्हा बाईला नाव मिळाले. (त्या राजीखुशीचे मोल तुम्हा कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. सासरची माणसे दाराबाहेर बसलेली असताना घेतलेले जबाब आपण पाहतोच.)

डॅनियल बून हे या सरहद्दीवरचे सर्वांत गाजलेले नाव. त्याची बायको रिबेका ब्रायन. १७५६ साली, सतराव्या वर्षी तिचे लग्न झाले. दहा बाळंतपणे. थोरला मुलगा जेम्स १७७३ मध्ये मारला गेला, दुसरा इझ्रायल १७८२ मध्ये. बून महिनोन् महिने शिकारीला बाहेर; शेत, गुरे, पोरे हिच्याकडे. १७७८ मध्ये शॉनी लोकांनी त्याला धरून नेले. तो मेला असे समजून ती मुलांना घेऊन नॉर्थ कॅरोलिनात माहेरच्या माणसांत परतली. त्याची चरित्रे त्याच्या हयातीपासून निघू लागली, ती मात्र त्यांत कडेला उभी. घरातली पुष्कळ हकिगत कळते ती लायमन ड्रेपर या संग्राहकाने १८५१ मध्ये धाकटा मुलगा नेथन आणि सून ऑलिव्ह यांना समोर बसवून लिहून घेतली म्हणून. सुनेलाही विचारले, हे विशेष.

ज्यांच्या शिकारीच्या रानात ही वस्ती घुसली, त्यांपैकी चेरोकी लोकांत कूळ आईकडून चाले. तिथे हा प्रश्न उलटा असता.

आणि गुलाम बायका? बूननेही गुलाम बाळगले होते. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी: वर मालकाचे नाव, खाली वय, लिंग, वर्ण. बहुतेक सगळे निनावी. त्यांच्या वंशजांचा शोध १८७०च्या जनगणनेपाशी येऊन थांबतो. त्यामागे जायचे तर मालकाचेच मृत्युपत्र आणि मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. तिथे घोडे, गाई, भांडी यांच्या ओळीत पणजीचे नाव असते, आणि पुढे तिची किंमत.