घरच्या गॅरेजात येझदी
बंगळुरूच्या रस्त्यांवर जावा आणि येझदी मोटारसायकली अजूनही दिसतात. त्यांचं माहेर तसं जवळच, म्हैसूरला. आयडियल जावा कंपनीचा तिथला कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. पुढे या गाड्या जगवल्या त्या मेकॅनिक मंडळींनी आणि हौशी मालकांनी.

वर्षानुवर्षं उभी असलेली अशी गाडी घरी आणलीत, तर लगेच किक मारू नका. आधी टाकी काढून आतला गंज साफ करा. तो कार्बोरेटरमध्ये गेला की जेट तुंबतं. मग ऑइल सील पाहा. टू-स्ट्रोक इंजिनाची क्रँककेस हवाबंद असावीच लागते. सील कडक होऊन चिरलं, की बाहेरची हवा आत शिरते, नाहीतर गिअरबॉक्सचं तेल ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर सुटतो. पुष्कळ जण अशा वेळी पिस्टन बदलून बसतात, आणि धूर तसाच राहतो. इंजिन उघडलंच आहे, तर सगळी सील नवी घाला. सुटे भाग बंगळुरूच्या जे. सी. रोडवर शोधता येतील. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मात्र विसरू नका, पिस्टनला वंगण तिथूनच मिळतं.

रंग सगळ्यात शेवटी. टाकीवरचं मूळ क्रोम शाबूत असेल तर ते राखाच. मला ते नव्या मुलाम्यापेक्षा फार मोलाचं वाटतं.