ही कोणत्या सालची?



कोणाच्या घरी काचेच्या कपाटात वीतभर लांबीची राखाडी युद्धनौका दिसली, की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "किती दिवस लागले हो?" करणारा माणूस हसून काहीतरी आकडा सांगतो आणि गाडी चहाकडे वळते. माझं म्हणणं, प्रश्न वेगळा विचारावा. विचारावं, "ही कोणत्या सालची?"

आमच्या खानदेशातल्या पारोळ्याचा किल्ला घ्या. त्याची छोटी प्रतिकृती करायची तर आधी ठरवावं लागेल, कधीचा किल्ला? १७२७च्या सुमारास हरी सदाशिव दामोदरांनी बांधला तेव्हाचा, १८५९ मध्ये इंग्रजांनी ताब्यात घेतला तेव्हाचा, की आजचा, पडझड झालेल्या तटाचा? तिन्ही एकत्र कालवले तर असा किल्ला होईल, जो या गावात कधीच उभा नव्हता. जहाज तर किल्ल्यापेक्षाही झपाट्यानं बदलतं. दर मोठ्या दुरुस्तीत काहीतरी कापलं जातं, काहीतरी चढवलं जातं.

आपल्या नौदलाच्या पहिल्या 'दिल्ली'चं उदाहरण देतो. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९९७ मध्ये नौदलात आलेली 'दिल्ली' वेगळी. मी तिच्या आधीच्या 'दिल्ली'बद्दल बोलतोय. ही क्रूझर १९३२ मध्ये इंग्लंडात बर्कनहेडला पाण्यात उतरली. नाव होतं 'अकिलीस'. न्यूझीलंडच्या खलाशांना घेऊन ती १३ डिसेंबर १९३९ रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत उतरली. सोबत 'एजॅक्स' आणि 'एक्झेटर', समोर जर्मनांची 'अॅडमिरल ग्राफ स्पे'. पुढे जानेवारी १९४३ मध्ये पॅसिफिकमध्ये जपानी विमानाचा बॉम्ब तिच्या मागच्या बाजूच्या वरच्या टरेटवर पडला. टरेट म्हणजे तोफांचं फिरतं घर. ते दुरुस्त न करता इंग्लंडात काढूनच टाकलं. ५ जुलै १९४८ रोजी ती आपल्याकडे आली आणि 'दिल्ली' झाली. १९५० मध्ये पंडित नेहरू तिच्यातूनच इंडोनेशियाला गेले, १९६१ मध्ये दीवच्या किनाऱ्यावर तिनं तोफा डागल्या, आणि १९७८ मध्ये मुंबईत ती सेवेतून उतरली.

आता हे जहाज प्लॅस्टिकमध्ये करायचं कसं? एअरफिक्स या इंग्रज कंपनीनं तिच्या बहिणीचं, 'एजॅक्स'चं, किट काढलं होतं. माप एकास सहाशे, म्हणजे १६९ मीटरचं जहाज २८ सेंटिमीटरमध्ये. दोन्ही जहाजं एकाच वर्गातली, त्यामुळे तेच किट घेऊन 'दिल्ली' करता येते. मात्र डब्यातल्या कागदाप्रमाणे सगळे भाग जोडले, तर हाती येते 'एजॅक्स'. 'दिल्ली' हवी असेल तर काढण्यापासून सुरुवात.

मागचं वरचं टरेट बाजूला ठेवायचं. पुढे दोन, मागे एक, एवढीच राहतात. टरेटची खुंटी बसायची त्या भोकात प्लॅस्टिकची चकती घालायची, पुट्टी भरायची, सुकल्यावर पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरनं घासायची. घासताना शेजारच्या डेकच्या फळ्यांच्या रेघा पुसतात. त्या पट्टी लावून सुईनं पुन्हा कोरायच्या. मग विमान उडवायचं यंत्र आणि ते विमानही काढायचं. एकेरी डोलकाठ्या कापून तीन पायांच्या डोलकाठ्या नव्यानं करायच्या. हे सगळं झाल्यावर पाहणाऱ्याला काय दिसतं? काहीच नाही. चांगली दुरुस्ती दिसत नाही. म्हणून प्रदर्शनात जुना जाणकार सजावटीकडे न पाहता थेट जहाजाच्या मागच्या भागाकडे जातो. तिथं भोक बुजवल्याचा पुसटसा वर्तुळाकार वण दिसला, तर तो मान हलवतो.

मागे ध्वज असतोच. १९४८ मध्ये ती आली तेव्हा आपल्या नौदलाचा ध्वज इंग्रजांचाच होता. २६ जानेवारी १९५० पासून लाल क्रॉस राहिला, कोपऱ्यात तिरंगा आला. २०२२ पासूनच्या ध्वजावर शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. हा नवा ध्वज कोणी प्रेमापोटी जुन्या 'दिल्ली'वर लावला, तर भावना समजते, पण जहाज बिघडलं. लहानसा कागदाचा तुकडा, पण अख्ख्या मॉडेलची तारीख तोच सांगतो.

"सिनेमा पाहून करू की," असंही कोणी म्हणेल. रिव्हर प्लेटच्या लढाईवर १९५६ चा इंग्रजी चित्रपट आहे आणि गंमत म्हणजे त्यात 'अकिलीस'चं काम आपल्या 'दिल्ली'नंच केलं. जहाजानं स्वतःच्याच तरुणपणाची भूमिका करावी, असा योग क्वचित येतो. पण 'ग्राफ स्पे' झाली आहे अमेरिकन 'सेलम'. खऱ्या 'ग्राफ स्पे'वर मोठ्या तोफांची टरेटं दोन होती, 'सेलम'वर तीन. पडद्यावर भरवसा ठेवून किट जोडणारा माणूस जर्मनांना फुकटात एक टरेट देऊन बसतो!

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे जाडी. किटमधला कठडा अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर सहाशेनं गुणा. खऱ्या जहाजावर तो ३० सेंटिमीटर जाडीचा ओंडका होतो. खरा कठडा समजा ३ सेंटिमीटरचा, तर या मापात तो केसापेक्षा बारीक हवा. मग कारागिरासमोर दोन वाटा राहतात. पितळी पत्र्यातून रसायनानं कोरलेला कठडा विकत घेऊन फेव्हिक्विकनं चिकटवणं, किंवा कठडा न लावणंच. माझ्या मते जाडजूड कठड्यापेक्षा बिनकठड्याचं जहाज बरं. हे सगळ्यांना पटत नाही, आणि या वादावर आमच्यातले काहीजण रात्र जागवू शकतात.

रंगाचंही गणित याच मापाचं. २८ सेंटिमीटरचं मॉडेल आपण दोन फुटांवरून पाहतो, म्हणजे खरं जहाज साधारण ३६० मीटरवरून पाहिल्यासारखं. एवढ्या अंतरावर मधल्या हवेमुळे राखाडी फिकट दिसतो. म्हणून खऱ्या जहाजाचाच रंग जसाच्या तसा लावला तर मॉडेल काळपट वाटतं. थोडा पांढरा मिसळावा लागतो. चकाकीही नको. गंजाचे ओघळ काढायची हौस अनेकांना असते, पण ३६० मीटरवरून किती गंज दिसणार? त्यातून पंतप्रधानांना घेऊन जाणारं जहाज! त्यावर खलाशी सतत रंगच देत असतील.

इथं खानदेशाचा प्रश्न येतो. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना एअरब्रशमधून निघालेला रंग जहाजाला लागेपर्यंत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. किटसोबतच्या कागदावर याचा उल्लेख नसतो. उपाय सोपा: रंग जास्त पातळ करायचा, आणि पहाटे, वारा सुटून धूळ उडायच्या आत, काम उरकायचं.

आता पाहायचं कसं ते सांगतो. वरून पाहू नका. वरून जहाज फक्त वैमानिकाला दिसतं. गुडघे वाकवा, डोळा पाण्याच्या रेषेला आणा, एक डोळा मिटा. दोन्ही डोलकाठ्या एका रेषेत येतात का, धुरांडं कललेलं तर नाही ना, हे तेव्हाच कळतं. मग डोलकाठ्यांमधल्या तारा बघा. त्या बहुधा किटच्याच उरलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. मेणबत्तीवर मऊ करून दोन्ही हातांनी ओढलं की केसासारखा धागा निघतो. धागा लोंबत असेल तर पेटलेली उदबत्ती नुसती जवळून फिरवतात, न टेकवता. उष्णतेनं धागा आक्रसून ताठ होतो. उदबत्ती अंमळ जवळ गेली की तुटतो, आणि मग दुसरा ओढायला बसायचं.