गुलाबाच्या छाटणीचे गणित



पुण्याचे एम्प्रेस गार्डन सांभाळणाऱ्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेतर्फे २६ जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. पाहणारास वाटते, कुंड्या आणल्या, मांडल्या, झाले! परंतु अशा प्रदर्शनासाठी हौशी मंडळींचे काम पावसाळ्यातच सुरू होते. शेवंतीच्या काड्या तेव्हाच लावायच्या, शेंडे खुडून रोप डेरेदार करायचे. डेलियाचे फूल मोठे हवे तर बाजूच्या कळ्या काढाव्या लागतात. नवख्याचा जीव तिथेच तुटतो.

खरी कसोटी गुलाबाची. छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी फूल येते, थंडीत थोडे अधिक दिवस लागतात. म्हणून प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे दिवस मोजून डिसेंबरच्या आरंभी कात्री लावायची. हवा ढगाळ राहिली की कळी उमलत नाही. ऊन तापले की आदल्या दिवशीच पाकळ्या गळतात. मग वर्षाची मेहनत कुंडीतच राहते. परीक्षक फूल पाहतात, कष्ट पाहत नाहीत.

तरीही मांडवात ही मंडळी एकमेकांस विचारतात, "कात्री कधी लावलीत?" बक्षीस मिळालेला गृहस्थ तारीख खुशाल सांगून टाकतो. लपवणारेही असतात, नाही असे नाही. पण पुढच्या वर्षी कलमाची काडी मागायला त्यांनाही तिथेच यावे लागते.