दोन मसुद्यांतले अंतर



हिंगोली जिल्ह्यातल्या पत्रकारांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून थेट विषयाकडे वळतो. आदर्शांची उजळणी आपण दरवर्षी ६ जानेवारीला, ‘दर्पण’ दिनी, करतोच. आज कामाचे बोलावे म्हणतो.

रस्त्याचे देयक, घरकुलांची यादी, पीकविम्याचे पैसे यांची कागदपत्रे मागायला आपण सरावलो आहोत. पण बातमीच्या धंद्याला लागू होणारे नियम ठरताना दिल्लीत आणि मुंबईत कोण कोणाला भेटले, कोणी कोणते निवेदन दिले आणि त्यानंतर नियमातला कोणता शब्द गळाला, हे आपण सहसा विचारत नाही. ते मोठ्या शहरांतल्या मोठ्या पत्रकारांचे काम, असा आपला समज. हा समज सोडावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

उदाहरण शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलेच घेऊ. २००९ ची विधानसभा निवडणूक. भोकर मतदारसंघातून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत चव्हाणांची थोरवी सांगणारा एकच मजकूर शब्दही न बदलता छापून आला होता. तो बातमी म्हणून आला होता, जाहिरात म्हणून नव्हे. उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबात मात्र वृत्तपत्रीय जाहिरातींपुढे आकडा होता ५,३७९ रुपये आणि केबलपुढे ६,००० रुपये. पैसे दिल्याचा आरोप चव्हाणांनी फेटाळला. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेले, सर्वोच्च न्यायालयात गेले. आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. कायद्याच्या अंगाने तो विषय असा पुढे गेला. पत्रकाराच्या अंगाने तो एका कागदापासून सुरू झाला होता, हे ध्यानात ठेवा. उमेदवाराचा खर्चाचा हिशेब कोणालाही एक रुपया शुल्क भरून पाहता येतो, अशी तरतूद निवडणूक नियमांत आहे. एका बाजूला छापील पाने आणि दुसऱ्या बाजूला तो हिशेब. बातमी या दोहोंच्या मधल्या अंतरात होती.

यापुढचा भाग आपण फारसा सांगत नाही, कारण तो आपल्याच घरचा आहे. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चौकशी करण्यासाठी भारतीय प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली. त्यांनी साक्षी घेतल्या आणि वृत्तपत्रांची नावे घेऊन सविस्तर अहवाल लिहिला. तो सत्तर पानांच्या वर भरला. ३० जुलै २०१० रोजी कौन्सिलने स्वीकारला तो मात्र बारा-तेरा पानांचा मजकूर, आणि त्यात वृत्तपत्रांची नावे नव्हती. मूळ अहवाल संदर्भासाठी दफ्तरी राहिला.

कौन्सिल म्हणजे कोण? अध्यक्ष आणि अठ्ठावीस सदस्य. त्यांत संपादक आणि श्रमिक पत्रकार मिळून तेरा, वृत्तपत्रांचे मालक-व्यवस्थापक सहा, बाकीचे खासदार आणि इतर संस्थांचे प्रतिनिधी. नियमनाच्या टेबलावरच धंद्याला खुर्च्या आहेत. अशा ठिकाणी बाहेरून कोणी दबाव आणायची गरजच काय? तरीही तो अहवाल लोकांसमोर आला. एका पत्रकाराने माहितीच्या अधिकारात तो मागितला, प्रकरण केंद्रीय माहिती आयोगापर्यंत नेले आणि २०११ मध्ये आयोगाने तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकायला लावला. आज दोन्ही मजकूर शेजारी ठेवून कोणालाही वाचता येतात. काय गळाले ते कळले की कोणाला काय नको होते तेही कळते.

माझे सगळे म्हणणे या एका प्रकरणात आहे. दबाव तोंडी असतो. फोनवर असतो, जेवणावर असतो, लग्नाच्या मांडवातही असतो. त्याची पावती कोणी फाडत नाही. पण दबाव यशस्वी झाला, की मसुदा बदलतो आणि मसुदा कागदावर असतो. म्हणून दबावाचा पुरावा मागू नका, दोन मसुदे मागा.

याच राज्याच्या नावाने झालेली आणखी एक खटपट आठवते. डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखला होता. फ्री बेसिक्स या फुकट सेवेमुळे त्याला हवामान कळले, बाजारभाव कळले आणि त्याचे भले झाले, असे ते सांगणे होते. मोजकी संकेतस्थळे फुकट आणि बाकीचे इंटरनेट विकत, असा भेद चालेल का, याचा निर्णय तेव्हा ‘ट्राय’ ही दूरसंचार नियामक संस्था करत होती. फेसबुकने वापरकर्त्यांकडून एकाच साच्यातले लाखो संदेश ट्रायकडे धाडले. ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती. सल्लामसलतीला कौल घेण्याचा खेळ बनवू नका, अशा आशयाची कानउघाडणी ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये पत्राने केली, आणि तो पत्रव्यवहार लोकांसमोर आला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असा भेदभाव करणाऱ्या दरांना मनाई केली. शेतकऱ्याच्या नावावर कोण काय मागत होते, हे देशाला कळले, कारण ट्रायकडे येणारे लेखी अभिप्राय जाहीर करण्याची पद्धत आहे. आपल्या बाजार समितीत हळदीचा सौदा शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत होतो. तसाच तो प्रकार झाला.

याउलट प्रसारण सेवा (नियमन) विधेयकाचे काय झाले ते पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिला मसुदा सर्वांसाठी खुला झाला. जुलै २०२४ मध्ये सुधारित मसुदा तयार झाला, तेव्हा त्याच्या खुणा केलेल्या छापील प्रती काही निवडक मंडळींनाच मिळाल्या. यूट्यूबवर बातम्या देणाऱ्यांनाही त्याच्या कक्षेत आणल्याच्या बातम्या आल्या, ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये त्या प्रती परत मागवण्यात आल्या. या सभागृहात मोबाईलवर वाहिनी चालवणारी किती तरुण मंडळी बसली आहेत! तुमच्या पोटावर येणारा कायदा कोणीतरी वाचला होता, त्यावर मत दिले होते, आणि तुम्हाला मात्र तो दिसलाही नव्हता. इथेही बातमी दोन मसुद्यांच्या मध्येच आहे.

आपल्या देशात अशा रदबदलीची, म्हणजे लॉबिंगची, नोंद ठेवायला लावणारा कायदा नाही. अमेरिकेत तो आहे, सध्याचा १९९५ चा. वॉलमार्टने रदबदलीवर केलेल्या खर्चात भारतातल्या गुंतवणुकीचाही विषय होता, हे २०१२ मध्ये आपल्या संसदेत गाजले, ते अमेरिकी सिनेटकडे दाखल झालेल्या कागदांमुळे. आपल्या घरातली गोष्ट आपल्याला परक्याच्या दफ्तरातून कळली. आपल्या हातात आहे तो माहितीचा अधिकार. केंद्राचा कायदा २००५ चा, पण महाराष्ट्राने स्वतःचा कायदा २००२ मध्येच केला होता.

आता कामाचे. अर्ज कसा करू नये ते आधी सांगतो. ‘अमुक कंपनीने दबाव आणला हे खरे आहे काय?’ असे विचारलेत, तर जन माहिती अधिकारी ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही’ अशी एक ओळ लिहून मोकळा होतो. ‘सर्व पत्रव्यवहार द्यावा’ म्हणालात, तर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’. म्हणून विषय एक, कालावधी ठरलेला आणि कागदाचे नाव नेमके. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या विषयाच्या संचिकेतील टिप्पणी, आवक नोंदवहीतील नोंदी, प्राप्त निवेदने, बैठकांची इतिवृत्ते आणि उपस्थितांची स्वाक्षरीपत्रके यांच्या साक्षांकित प्रती.’ आपल्या राज्याच्या नियमांत अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तीत हे सारे आरामात बसते. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. कार्यालय चुकले, तर कलम ६(३) नुसार अर्ज पाच दिवसांत योग्य जागी वर्ग करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिसाव्या दिवशी उत्तर नसेल, तर कोणाच्या दारात जाऊन विनवणी करू नका, प्रथम अपील टाका.

अडथळे येतील. कलम ८(१)(ड) म्हणजे व्यापारी गुपित. कंपनीचा दर हे गुपित असू शकते, पण कायदा असा करा म्हणून सरकारला दिलेले निवेदन गुपित कसे? कलम ११ मध्ये त्रयस्थ पक्षाला विचारावे लागते, मात्र त्याचा नकार हा अंतिम शब्द नसतो. नवी अडचण कलम ८(१)(ज) ची आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे कलम बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असेल, तर वैयक्तिक माहितीही द्यावी लागे. आता ‘वैयक्तिक’ एवढे म्हटले, की नकार देता येतो. बैठकीला कोण हजर होते हेही उद्या कोणी वैयक्तिक म्हणेल. यावर कलम ८(२) अजून जिवंत आहे. हानीपेक्षा लोकहित मोठे असेल, तर माहिती देता येते. तेव्हा अर्जातच लोकहित काय ते दोन ओळींत लिहा. अपिलात सुचलेले शहाणपण उशिरा येते, आणि राज्य माहिती आयोगापुढे २०२४ च्या मध्याला एक लाखाहून अधिक प्रकरणे पडून होती. आयोगाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाची वाट पाहणे म्हणजे काय, हे इथे अनेकांना ठाऊक आहे.

वाहिन्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या आणि टीआरपी मोजणाऱ्या संस्था खासगी आहेत, तिथे अर्ज चालत नाही असे सांगितले जाईल. ठीक आहे. त्यांनी मंत्रालयाला लिहिलेले पत्र मंत्रालयात आहे. तिथे चालतो.

आणि दिल्ली लांब वाटत असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालय लांब नाही. निवडणुकीत पैसे देऊन छापलेल्या बातम्या तपासणारी माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती तिथेच बसते. तिने किती मजकूर संशयित धरला, कोणाला नोटिसा दिल्या, उमेदवारांनी काय उत्तर दिले आणि कोणत्या नोटिसा पुढे का सरकल्या नाहीत, ही सगळी कागदपत्रे याच जिल्ह्यात आहेत. २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहण्याची सोय केली. आपल्यापैकी किती जण एखाद्या सोमवारी तिथे जाऊन बसले?

आता कटू वाटेल ते बोलतो. अर्ज टाकायचा आणि मग ‘मिटवायचे’, हा धंदा काही जणांनी पत्रकारितेच्या नावाने चालवला आहे. त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जदाराकडेही कारकून संशयाने पाहतो. यावर उपाय एकच. आलेले उत्तर छापायचे, त्यात काही सापडले नाही तरी छापायचे. ज्याचे उत्तर छापून येते त्याला विकत घेता येत नाही.

दुसरे, आपण स्वतः. नोव्हेंबर २०१० मध्ये राडिया ध्वनिफिती छापून आल्या, तेव्हा उद्योगांची रदबदली करणाऱ्या राडिया यांच्याशी बोलणारे आवाज पत्रकारांचेही होते. तालुक्याच्या ठिकाणी एवढे मोठे काही घडत नसेल, पण जाहिरातीचे आणि बातमीचे काम एकाच माणसाकडे असते. मानधन नाममात्र, कमिशनवर घर चालते. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी मिळवायची आणि त्याच्याच संस्थेची फाईल मागायची, हे एका अंगाने जमत नाही. हा दोष त्या वार्ताहराचा कमी आणि त्याला तसे राबवणाऱ्यांचा जास्त आहे, तरीही तो लपवून आपल्याला पुढे जाता येणार नाही. मराठवाड्याने वेगळी माणसे पाहिली आहेत. निजामी राजवटीत आ. कृ. वाघमारे पुण्यातून ‘मराठवाडा’ हे वृत्तपत्र चालवत, संस्थानात बंदी आली की नाव बदलून पुन्हा अंक धाडत. त्यांच्याकडे माहितीचा कायदा नव्हता. आपल्याकडे तो आहे, आणि तो वापरायला दहा रुपये लागतात.

म्हणून अधिवेशनापुढे चार ठराव ठेवतो. माध्यमांविषयीचा कोणताही कायदा किंवा नियम करताना आलेली निवेदने, झालेल्या भेटी आणि मसुद्याची प्रत्येक आवृत्ती कलम ४ खाली सरकारने आपणहून जाहीर करावी. कलम ८(१)(ज) पूर्वीसारखे करावे. प्रत्येक निवडणुकीनंतर सनियंत्रण समितीची इतिवृत्ते या जिल्ह्यातल्या पत्रकारांनी मिळून मागावीत आणि एकाच दिवशी छापावीत, म्हणजे एकट्यावर कोणाचा राग निघणार नाही. चौथा ठराव आपल्यासाठी: आपापल्या अंकात वर्षातून एकदा शासकीय आणि राजकीय जाहिरातींचे उत्पन्न आपण स्वतः छापावे. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याने आपला आधी मांडलेला बरा.

पहिले तीन ठराव टाळ्यांनी मंजूर होतील, याची मला खात्री आहे. चौथ्यावर मतदान घ्यावे, आणि तेही हात वर करून, अशी अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे.