वारंवारता ठरवतं कोण?



गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करायचा तर ५ व्होल्ट हवेत. मधले ७ व्होल्ट ७८०५ सारख्या रेग्युलेटरमध्ये जाळता येतात, पण अर्धा अँपिअर घेतला की साडेतीन वॉटची नुसती उष्णता होते. म्हणून स्विच वापरायचा: क्षणभर चालू, क्षणभर बंद, आणि ते धक्के सपाट करायला चोक नि कंडेन्सर. हे चालू-बंद सेकंदाला किती वेळा व्हायचं, ते ठरवतं कोण?

मोटोरोलानं आणलेली एमसी ३४०६३ ही आयसी घेऊ. आठ पायांची, स्वस्त, कार चार्जरमध्ये हमखास सापडणारी. तिच्या तिसऱ्या पायाला एक बारका कंडेन्सर लागतो. स्विच जितके मायक्रोसेकंद चालू ठेवायचा त्याला ४० नं गुणा, पिकोफॅरड मिळतात. ५० किलोहर्ट्झसाठी आपल्या उदाहरणात चालू काळ येतो साधारण साडेनऊ मायक्रोसेकंद. उत्तर ३८०, दुकानात मिळतो ३९०. लावा, ऑसिलोस्कोपवर बघा. ५० बहुधा दिसत नाहीच!

कारण हा कंडेन्सर भरायला जो वेळ घेतो, त्याच्या सहाव्या हिश्श्यात रिकामा होतो. त्याची एक फेरी ११ मायक्रोसेकंदांत संपते. एकटा सोडला तर तो ९० किलोहर्ट्झच्या आसपास धावेल. मात्र आउटपुटला ५ व्होल्ट भरले असतील, तर आतला कंपॅरेटर स्विचला पुढची पाळी देत नाही. किती पाळ्या चुकणार, यात आउटपुटच्या कंडेन्सरचा मोठा हात. त्याचा अंतर्गत रोध फारच कमी असला, तर पल्स एकेक न येता झुंडीनं येतात आणि मग मोठी विश्रांती. त्या झुंडींचा वेग कानाच्या टप्प्यात उतरला की चार्जर चक्क शिट्टी घालतो. महागातला ‘चांगला’ कंडेन्सर इथे खोडी काढतो, हे मला फार आवडतं.

आता चोक. सातव्या पायाशी ०.३ ओहमचा रेझिस्टन्स ठेवला, की करंट १ अँपिअरला पोचताच आयसी तो बारका कंडेन्सर झटकन भरून टाकते आणि स्विच बंद होतो. हिशेबानं किमान ५७ मायक्रोहेन्री हवेत. हाताशी आहे म्हणून ३३ चा लावला, तर करंट साडेपाच मायक्रोसेकंदांतच एक अँपिअर गाठतो. पल्स आखूड झाली. तोच अर्धा अँपिअर द्यायला कागदावर ८६ किलोहर्ट्झ लागतात. दर वेळी स्विच पालटताना थोडी ऊर्जा जाते, त्यामुळे आयसी तापते. गाभा संपृक्त होणारा चोकही हेच करतो, आणि दुकानात संपृक्ततेचा करंट विचारला तर दुकानदार आपल्या तोंडाकडे बघतो.

एलएम २५९६ या दुसऱ्या आयसीमध्ये ही भानगड नाही. तिचे १५० किलोहर्ट्झ आतच ठरलेले. तिथे वारंवारतेप्रमाणे चोक निवडायचा. पण बाजारातल्या स्वस्त मॉड्यूलवर पुष्कळदा नाव २५९६ चं आणि वेग ५० किलोहर्ट्झचा असतो. ३३ मायक्रोहेन्रीच्या चोकमधला करंटचा चढउतार मग ०.६ अँपिअरवरून सुमारे पावणेदोनवर जातो. तेव्हा असं मॉड्यूल आणलंत तर आधी स्कोप लावा, आणि ५० दिसले तर त्याला पूर्ण लोड देऊ नका.