मांडलिक राजे आणि फौजेचा खर्च



जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे जनरल वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्याआधी तीन आठवडे, 2 सप्टेंबरला, खुद्द जालन्याचा किल्ला पडला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. तो घेतला कर्नल स्टीव्हन्सनने, आणि त्याच्या हाताखाली होती हैदराबादची तैनाती फौज. म्हणजे बघा, शिपाई कंपनीचे, अंमलदार इंग्रज आणि खर्च निजामाचा!

युद्ध संपल्यावर शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा मुलूख जालन्यासह सोडला, भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडले, आणि कंपनीने तो प्रदेश निजामाच्या पदरात टाकला. न लढता राज्य वाढले. अशा राजाला आपण मांडलिक म्हणतो.

ही युक्ती काही इंग्रजांची नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमने ती यहुदी लोकांच्या देशात वापरली होती. यहुदी म्हणजे कोणी अगदी परके नव्हेत. आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजेच बेने इस्रायल, त्याच धर्माचे. तिकडे इसवी सनापूर्वी 63 साली गादीवरून दोन सख्खे भाऊ भांडले आणि दोघांनीही रोमचा सेनापती पॉम्पी याला पंच मानले. पंचाने निवाडा केला आणि देशही ताब्यात घेतला. दुसऱ्या बाजीरावाचा 1802 चा वसईचा तह ज्यांना आठवतो, त्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको.

पुढे जुने राजघराणे बाजूला सारून रोमने हेरोद नावाच्या माणसाला राजा केले. मुकुट मिळाला रोमच्या सभागृहात, इ. स. पू. 40 साली, राजधानी जेरुसलेम हाती आली तीन वर्षांनी, तीही रोमन फौजेच्या जोरावर. हा हेरोद मोठा धोरणी. रोमच्या दोन पुढाऱ्यांत युद्ध झाले तेव्हा तो हरणाऱ्या अँटनीच्या बाजूला होता. दुसरा कोणी पळून गेला असता. हा विजयी ऑक्टेव्हियनपुढे ऱ्होड्स बेटावर मुकुट उतरवून उभा राहिला आणि म्हणाला, मी कोणाचा मित्र होतो ते पाहू नका, कसा मित्र होतो ते पाहा. मुकुट परत मिळाला! त्याने बंदर बांधले, देवालय नव्याने भव्य उभारले. पण प्रजेला तो आपला वाटला नाही.

इ. स. पू. 4 मध्ये तो वारला. राज्य मुलांत वाटले गेले. थोरल्या वाट्याचा धनी अर्खेलाव इतका जुलमी निघाला, की प्रजेनेच सम्राटाकडे तक्रार नेली. इ. स. 6 मध्ये रोमने त्याला हद्दपार केले. प्रजेला वाटले असेल, सुटलो. पण लगेच रोमचा अधिकारी आला, खानेसुमारी झाली, कर थेट रोमचा लागला आणि बंडे सुरू झाली. मधे नातू अग्रिप्पा तीन वर्षे राजा होता, तेवढाच दिलासा. इ. स. 70 मध्ये हेरोदाने सजवलेले ते देवालय रोमन सैन्याने जाळले.

निजामाचे तसे झाले नाही. इंग्रजांनी गादीला हात लावला नाही, आणि माझ्या मते ही चाल रोमपेक्षा जास्त मुरलेली. 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांकडून मार खाल्लेल्या निजाम अलीने 1798 मध्ये तैनाती फौज घेतली. त्या घडीला त्याला दुसरा मार्ग फारसा नव्हता. 1800 मध्ये फौजेच्या खर्चापोटी म्हैसूरकडून मिळालेला मुलूख दिला. त्याच तहात युद्धकाळी 6,000 पायदळ आणि 9,000 स्वार देण्याचे कलम होते. या कलमाच्या आधाराने इंग्रज अंमलदारांची आणखी एक कायमची फौज उभी राहिली, हैदराबाद कंटिंजंट. तिची छावणी जालन्यालाही होती. 1819 च्या जानेवारीत नोवसाजी नाईकांच्या नोव्हाच्या गढीला वेढा घातला तो याच फौजेने.

पगार थकू लागले. पामर कंपनीकडून भारी व्याजाने कर्ज झाले. सावकार भागवण्यासाठी निजामाने 1823 मध्ये, कंपनीकडून दरसाल येणारी 7 लाखांची पेशकश एकरकमी पैसे घेऊन कायमची सोडली. फौजेचे देणे मात्र वाढतच गेले, आणि अखेर मे 1853 मध्ये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर हे मुलूख इंग्रजांच्या हवाली झाले. 1860 मध्ये इतर भाग परत मिळाले, वऱ्हाड नाही. 1902 मध्ये ते वर्षाला 25 लाखांच्या ठोक्यावर कायमचे गेले. असईच्या युद्धाने जे दिले, ते फौजेच्या पगारात वळते झाले.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना नकाशावर जालना आणि देऊळगाव राजा दाखवावे. मधली मराठवाडा-विदर्भाची हद्द आहे ना, ती याच हिशेबातून पडलेली. बाप अलीकडे, जावई पलीकडे. भाषा एकच, पण अलीकडे सरकारी दफ्तर उर्दूत आणि पलीकडे कायदा इंग्रजांचा. अलीकडची निजामशाही 17 सप्टेंबर 1948 ला संपली. दोन्ही बाजू एका राज्यात आल्या त्या 1 नोव्हेंबर 1956 ला.